गच्चीवरचा नाच आणि खालच्या खोलीतले आबा

वाचकाचे पत्र (संक्षिप्त)

"आम्ही नागपुरात त्रिमूर्तीनगरला राहतो. घरात सासू-सासरे, आम्ही दोघे आणि दहावीतली मुलगी. सासरे ७७ वर्षांचे आहेत. सदरच्या लिबर्टी टॉकीजमध्ये पाहिलेल्या चित्रपटांची गाणी त्यांना आजही तोंडपाठ आहेत. यजमान ४८ वर्षांचे. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये प्रभुदेवाची नक्कल करून त्यांनी बक्षीस मिळवले होते आणि वरातीत अजूनही सगळ्यांत आधी तेच उतरतात. मुलगी आणि तिच्या तीन मैत्रिणी रोज संध्याकाळी गच्चीवर कोरियन गटांचे नाच बसवतात. गेल्या महिन्यात सासरे वर गेले आणि पाहुण्यांदेखत म्हणाले, 'हा नाच होय का पीटी होय? ना सूर, ना शब्द समजून राहिले.' मुलगी उलट बोलली, 'आबा, तुमच्या पिक्चरमध्ये हीरो नुसता मान हलवत बागेत फिरत होता.' तेव्हापासून दोघांत अबोला आहे. यजमान दोघांवरही हसतात आणि 'खरं संगीत नव्वदीतलंच' म्हणून मोकळे होतात. डिसेंबरमध्ये सासू-सासऱ्यांच्या लग्नाला ५० वर्षे पूर्ण होतात. लॉन ठरले आहे, पण कुठली गाणी लावायची यावरून घरात तीन तट पडले आहेत. आजची गाणी आणि नाच खरोखरच हलक्या दर्जाचे आहेत का? बोर्डाचे वर्ष आहे म्हणून मुलीचा नाच बंद करावा का? आणि कार्यक्रमाचे काय करावे?"

एक आई, नागपूर

उत्तर

तुमच्या तीन प्रश्नांपैकी मधल्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत सोपे आहे, म्हणून ते आधी देते. मुलीचा नाच बंद करू नका. दहावीचे वर्ष आहे हे खरे. परंतु दिवसभर शाळा, शिकवणी आणि वह्या यांच्यात वाकून बसणाऱ्या मुलीला संध्याकाळी तासभर घाम गाळायला मिळतो, मैत्रिणींच्या साथीने एक अवघड गोष्ट शेवटाला नेता येते, आणि हे सगळे तुमच्याच घराच्या गच्चीवर, तुमच्या कानावर पडेल इतक्या अंतरावर चालते. याहून चांगली सोय मिळणे कठीण आहे. वेळ ठरवून द्या, पूर्वपरीक्षेच्या दिवसांत ती कमी करा. पण नाचाबद्दलचा मनातला आक्षेप अभ्यासाच्या नावाखाली पुढे करू नका, कारण मुलांना तो फरक लगेच कळतो. या नाचाशी निगडित दोन काळज्या मात्र खऱ्या आहेत, आणि त्यांच्याविषयी मी पुढे लिहिणार आहे.

आता पहिला प्रश्न. आजची गाणी हलकी आहेत ही तक्रार प्रत्येक पिढीतल्या ज्येष्ठांनी केलेली आहे, आणि आबांची आवडती गाणीही तिच्यातून सुटलेली नाहीत. आबांचा जन्म साधारण १९४८चा. ते चार वर्षांचे असताना, १९५२ साली, बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि त्यांच्या धोरणामुळे हिंदी चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. ही गाणी उथळ आहेत आणि त्यांतल्या पाश्चात्त्य वाद्यांमुळे व ठेक्यांमुळे लोकांची अभिरुची बिघडते, अशी त्यांची प्रामाणिक धारणा होती. श्रोत्यांनी रेडिओचा काटा श्रीलंकेतल्या रेडिओ सिलोनकडे वळवला, जिथे अमीन सयानी बिनाका गीतमाला हा चित्रपटगीतांचा कार्यक्रम सादर करत होते, आणि तिकडे गेलेला श्रोता परत आणण्यासाठी आकाशवाणीला ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करावी लागली. म्हणजे आबा ज्या काळाला आज सुवर्णकाळ म्हणतात, त्या काळातली गाणी देशाच्या रेडिओला तेव्हा ऐकवण्याजोगी वाटत नव्हती.

नागपूरकरांनी यातली एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. चित्रपटगीतांत जाझ आणि रॉक अँड रोलचे ठेके ज्यांनी धिटाईने आणले त्या सी. रामचंद्र यांनी, म्हणजे रामचंद्र चितळकरांनी, गाण्याचे धडे नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे घेतले होते. वसंतराव देशपांडे हेही त्याच सप्रे गुरुजींचे शिष्य. एका गुरूच्या हाताखालून निघालेला एक विद्यार्थी ख्याल आणि नाट्यसंगीतात अजोड ठरला, तर दुसऱ्याने १९५१च्या 'अलबेला'त भगवानदादांच्या पावलांसाठी बोंगो आणि ट्रम्पेट वाजवून घेतले. त्या काळच्या मुंबईच्या वाद्यवृंदांत गोव्याचे वादक मोठ्या संख्येने होते. 'अलबेला'त झळकलेला चिक चॉकलेट नावाचा ट्रम्पेटवादक त्यांच्यातलाच, आणि त्याची ओळख मुळात जाझवादक म्हणून होती. जुने ते आपले आणि नवे ते परके, ही विभागणी आबांच्या सर्वांत लाडक्या गाण्यांवरच टिकत नाही.

नाचाचेही तसेच आहे. चबी चेकर या अमेरिकन गायकाने १९६० साली ट्विस्ट जगभर पोहोचवला, तेव्हा आबा बारा वर्षांचे होते. त्याआधीच्या पाश्चात्त्य दिवाणखान्यातल्या नाचाला जोडीदार लागत असे, त्याचा हात धरावा लागत असे. ट्विस्टमध्ये माणूस चवड्यांवर वजन ठेवून, गुडघे वाकवून एकट्यानेच कंबर आणि खांदे उलट दिशांना फिरवतो. हा बदल फार मोठा होता, कारण तिथून पुढे नाचायला जोडीदाराची गरज उरली नाही. १९६५च्या 'गुमनाम'मध्ये हर्मन बेंजामिन यांनी बसवलेला, डोळ्यांवर मुखवटे चढवून केलेला तो बेभान नाच आला, तेव्हा आबा सतरा वर्षांचे होते, आणि सतराव्या वर्षी पाहिलेले माणूस विसरत नाही. त्यांच्या वडिलांनी तो नाच पाहिला असता तर ते काय म्हणाले असते, हे आबांनाच विचारायला हवे, आणि ते मुलीने विचारावे. अमेरिकेतही ६ जानेवारी १९५७ रोजी एल्विस प्रेस्ली यांना दूरचित्रवाणीवर कमरेच्या वरपर्यंतच दाखवण्यात आले होते. आणि आज ज्याला अत्यंत सभ्य मानतात त्या वॉल्ट्झ या जोडीने करायच्या नाचावर लंडनच्या 'टाइम्स'ने १८१६ साली असभ्यतेचा ठपका ठेवला होता.

याचा अर्थ आबांचे सगळेच चुकते असा नाही. त्यांच्या तुलनेत एक दोष आहे, पण तो आपल्या सर्वांच्याच तुलनेत असतो. साठ वर्षांपूर्वीच्या गाण्यांतली निकृष्ट गाणी केव्हाच विसरली गेली आहेत आणि उरलेली गाणी म्हणजे पाखडून, निवडून कणगीत ठेवलेले धान्य आहे. आजची गाणी अजून खळ्यावर भुसा-मातीसह पडलेली आहेत. दोन्हींची मूठ भरून तुलना केली तर निकाल काय लागणार हे आधीच ठरलेले असते. मात्र आबांच्या कानाला जे जाणवते त्याला काही आधारही आहे. संशोधक जोआन सेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली १९५५ ते २०१० या काळातल्या साडेचार लाखांहून अधिक पाश्चात्त्य ध्वनिमुद्रणांचे संगणकाने विश्लेषण केले, तेव्हा स्वरांच्या क्रमातले आणि नादाच्या पोतातले वैविध्य कमी होत गेल्याचे आणि ध्वनिमुद्रणे अधिकाधिक मोठ्या आवाजाची होत गेल्याचे त्यांना दिसले. २०१५ साली माथियास मॉख आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीचा अभ्यास केला, तेव्हा मात्र सतत घसरण दिसली नाही; १९८०च्या दशकाच्या मध्यावर वैविध्य घटले आणि पुढे ते पुन्हा वाढले. हे दोन्ही अभ्यास पाश्चात्त्य गाण्यांचे आहेत, त्यामुळे त्यांच्या आधारे आपल्या गाण्यांविषयी निकाल देता येणार नाही. पण 'आजचे सगळेच वाईट' आणि 'जुन्यांना काही कळत नाही' ही दोन्ही विधाने घरात पुन्हा निघाली, तर तुम्हाला एवढे नक्की सांगता येईल की ज्यांनी लाखो गाणी तपासली त्यांनाही इतका सरळ निकाल देता आलेला नाही.

परंतु माझ्या मते तुमच्या घरातला वाद गाण्यांच्या दर्जाचा नाहीच. आबांच्या पिढीने नाच पाहिला, तुमच्या यजमानांच्या पिढीने तो वरातीत केला, आणि तुमच्या मुलीची पिढी तो शिकते. या तीन वेगळ्या क्रिया आहेत. प्रत्येकीची गुण मोजण्याची रीत वेगळी आहे, आणि तुमच्या घरातले तिघेही आपापली फूटपट्टी दुसऱ्याच्या गाण्याला लावत आहेत.

आबांच्या तारुण्यात नाच दिसत असे तो टॉकीजच्या पडद्यावर. चित्रपट लागला, चालला आणि गेला. आवडलेली जागा थांबवून पुन्हा पाहण्याची सोय नव्हती. घरी रेडिओवर गाणे येई, तेही केवळ आवाजाने. मध्यमवर्गीय घरातल्या मुलाला नाचायचे झालेच तर विसर्जनाची मिरवणूक किंवा बँडची वरात एवढेच दोन प्रसंग, आणि तिथेही वडीलधारे नाहीत हे पाहून. त्यामुळे त्या पिढीच्या मनात गाणे नाचापासून सुटे होऊन सूर आणि शब्द यांच्यात राहिले. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटे मावत. तेवढ्यात मुखडा, दोन-तीन अंतरे आणि मधले संगीत बसवायचे असे, म्हणून प्रत्येक ओळ जपून लिहिलेली आणि जपून म्हटलेली असे. 'ना सूर, ना शब्द समजून राहिले' हे आबांचे वाक्य टोमणा म्हणून बाहेर पडले, पण गाण्याकडून त्यांना काय हवे असते याचा तो अगदी नेमका कबुलीजबाब आहे.

यजमानांची पिढी १९९०च्या दशकातली. घरात रंगीत दूरचित्रवाणी, व्हीसीआर, मग १९९१ नंतर केबल. एकच गाणे आठवड्यातून अनेकदा डोळ्यांसमोर येऊ लागले आणि त्यातली एखादी हालचाल सगळ्या देशाच्या लक्षात राहू लागली. नृत्य बसवणाऱ्याचे नाव लोकांना ठाऊक झाले तेही याच सुमारास. सरोज खान यांनी 'तेजाब'साठी बसवलेल्या नाचापासून फिल्मफेअरने नृत्यदिग्दर्शनाचे पारितोषिक सुरू केले. प्रभुदेवाचे १९९४चे नाच आणि दलेर मेहंदीचा १९९५चा पहिला अल्बम वरातींत शिरले, कारण त्यांतली मुख्य हालचाल तालमीशिवाय कोणालाही करता येते. खांदे उडवा, हात वर करा, शेजारच्याला ओढून आत आणा. या पिढीची फूटपट्टी म्हणजे ठेका सुरू होताच लोक खुर्च्यांवरून उठतात की नाही. वरातीत वाजणाऱ्या धुमालच्या तालावर अख्खी गल्ली डोलताना ज्याने पाहिली आहे, तो या फूटपट्टीला कमी लेखणार नाही.

आणि तुमची मुलगी? तिच्याकडे गाणे येते तेच नाचासकट. कोरियन गट मुख्य चित्रफितीबरोबर तालमीचीही चित्रफीत प्रसिद्ध करतात, ज्यात कॅमेरा एका जागी स्थिर असतो, नाचणारे साध्या कपड्यांत असतात आणि संपूर्ण गाणे फारशा काटछाटीशिवाय दिसते. मुली ती फीत निम्म्या वेगाने चालवतात, आरशासारखी उलटी करून घेतात म्हणजे डावा-उजवा हात चुकत नाही, आणि आठ-आठ मोजण्यांचे तुकडे करून पाठ करतात. तुम्ही एखाद्या संध्याकाळी वर जाऊन फक्त पाय पाहा. या नाचात सर्वांत अवघड असते ते दोन हालचालींच्या मधले चालणे. जिच्या वाट्याला ओळ आली ती पुढे मध्यभागी येते, ओळ संपताच मोजणी न चुकवता मागे सरते, आणि तिने सोडलेली जागा दुसरी त्याच क्षणी घेते. एकीचे पाऊल अर्धा ताल उशिरा पडले तर दोघी एकमेकींवर आदळतात. मूळ गटात सात जणी असतील आणि गच्चीवर चारच, तर कोणी कोणाच्या जागा सांभाळायच्या हेही मुलींनाच ठरवावे लागते. हे काम बुद्धीचे आहे. त्यांची फूटपट्टी अचूकपणाची आहे, आणि म्हणूनच बागेत मान हलवणारा नायक तिला आळशी वाटतो.

आबा 'पीटी' म्हणाले ते या दृष्टीने पाहता खोटे नाही. रचना, मोजणी आणि एकसाथ हालचाल यांची त्यात कवायत आहेच. पण लेझीमही कवायतच आहे, आणि शाळेच्या मैदानावर लेझीम खेळलेल्या माणसाला ओळी बदलताना ताल धरून ठेवणे किती कठीण असते हे सांगावे लागत नाही. आबांनी शाळेत लेझीम हातात घेतली असेल तर बोलण्याचा धागा तिथेच सापडेल. आणखी एक धागा मी सुचवते. बीटीएस या गटाच्या २०१८च्या 'आयडॉल' गाण्यात कोरियाच्या लोककलेतले उद्गार आणि तिथल्या ढोलाचे बोल घेतलेले आहेत. पान्सोरी या त्यांच्या कथागायनात एक गाणारा आणि एक ढोल वाजवणारा असतो, आणि ढोलवाला मध्येच दाद देऊन गाणाऱ्याला उभारी देतो. आपल्याकडे शाहिराच्या मागे उभे राहून 'जी जी' म्हणणारे झीलकरी हेच काम करतात. खडीगंमत हे लोकनाट्य पाहिलेल्या विदर्भातल्या माणसाला हे ओळखायला वेळ लागणार नाही, मात्र कोणीतरी त्यांच्याजवळ बसून ते ऐकवायला हवे.

ऐकवण्याचा मुद्दा मी मुद्दाम काढते आहे. आबांची खोली गच्चीच्या खाली असेल, तर गाण्यातला खालच्या पट्टीतला ठोका आणि मुलींच्या पायांची धपधप एवढेच स्लॅबमधून खाली उतरते. गाणाऱ्यांचे आवाज, स्वरांची गुंफण, वरच्या पट्टीतली वाद्ये वरच विरून जातात. कमी कंपनांचा आवाज भिंतीतून आणि छतातून सहज पार होतो, जास्त कंपनांचा अडतो. म्हणजे महिनोन्महिने आबांनी त्या गाण्याचा सर्वांत नीरस भाग तेवढा ऐकला आणि त्यावरून त्यांनी मत बनवले. मुलीला सांगा की तिने एक गाणे निवडून आबांना चांगल्या हेडफोनवर शांतपणे, एकदाच, संपूर्ण ऐकवावे, आणि आधी दोन मिनिटे त्याच्या शब्दांचा अर्थ सांगावा. त्या बदल्यात आबांनी सांगितलेले एक जुने गाणे तिने डोळे मिटून सगळ्या अंतऱ्यांसह ऐकावे. दोघांनीही लगेच मत देऊ नये. पाहुण्यांदेखत बोलल्याबद्दल आबांनी आणि उलट बोलल्याबद्दल मुलीने दिलगिरी व्यक्त करावी, ही अपेक्षाही रास्त आहे. पण सुरुवात मुलीकडून व्हावी असे मला वाटते, कारण सत्त्याहत्तराव्या वर्षी पाऊल मागे घेणे पंधराव्या वर्षापेक्षा जड जाते.

तुमच्या पत्रात मला एक गोष्ट सर्वांत जास्त खटकली. तीन माणसांची मते तुम्ही सविस्तर लिहिलीत, पण ज्यांच्या लग्नाला पन्नास वर्षे होत आहेत त्या सासूबाईंचे मत एका ओळीनेही आलेले नाही. त्यांचे मत कोणी विचारले आहे का? पिढ्यांमधल्या नाचाची तुलना करताना कोणते गाणे आणि कोणती पावले एवढेच आपण पाहतो. नाचण्याची मुभा कोणाला होती हे विचारत नाही. आबांना निदान वरात तरी होती. त्या काळच्या घरंदाज मुलीला चारचौघांत चित्रपटगीतावर पाऊल टाकणे जवळजवळ अशक्य होते. तिचा नाच मंगळागौरीची फुगडी आणि झिम्मा यांच्यात होता, आणि आपल्या विदर्भात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरोघरी जाऊन म्हटलेल्या भुलाबाईच्या गाण्यांत होता, जिथे गाणी संपली की झाकलेला खाऊ ओळखायचा असे. दंडार या विदर्भातल्या लोकनाट्यात तर बायकांची सोंगेही पुरुषच घेत. म्हणून मला असे वाटते की गच्चीवर चार मैत्रिणींनी फेर धरून, आपसांत मोजत, कोणासाठी म्हणून नव्हे तर नाच जमला पाहिजे म्हणून नाचणे, हे आबांच्या टॉकीजपेक्षा आजींच्या भुलाबाईच्या अधिक जवळचे आहे. सासूबाईंना गच्चीवर घेऊन जा, खुर्ची टाका आणि त्यांना मुलींचा नाच पाहू द्या. नंतर त्या काय म्हणतील ते ऐकण्यासारखे असेल.

आता त्या दोन काळज्या. पहिली चित्रफितींची. मुली नाच बसवतात तेव्हा तो इन्स्टाग्रामवर टाकावासा वाटणे स्वाभाविक आहे, पण खाते खाजगी ठेवावे, फितीत घराचा पत्ता, शाळेचा गणवेश किंवा गच्चीवरून दिसणारी ओळखीची खूण येऊ नये, आणि चौघींपैकी एकीचीही इच्छा नसेल तर फीत टाकू नये. हे नियम मुलींशी बोलून ठरवा, लादू नका. दुसरी काळजी अधिक गंभीर आहे. कोरियन गटांतले गायक-गायिका बऱ्याचदा तुमच्या मुलीच्याच वयापासून कंपनीच्या कठोर शिक्षणात वाढलेले असतात. त्यांच्या करारांच्या मुदती पूर्वी इतक्या लांब असत की तिथल्या व्यापार आयोगाला २००९ साली आदर्श करारात कमाल सात वर्षांची मर्यादा घालावी लागली. त्यांच्या आहारावरच्या बंधनांविषयी त्यांनी स्वतः अनेकदा बोलून दाखवले आहे. त्या शरीरयष्टीशी मुलगी स्वतःची तुलना करू लागली, जेवण टाळू लागली किंवा आरशासमोर स्वतःला नावे ठेवू लागली, तर त्याकडे दुर्लक्ष करू नका आणि वेळ न घालवता डॉक्टरांशी बोला. शिवाय गच्चीची फरशी कठीण असते. अनवाणी उड्या मारल्याने घोटे आणि गुडघे दुखावतात. चांगले बूट आणि आधी दहा मिनिटे अंग मोकळे करणे एवढे पथ्य पुरेसे आहे. उन्हाळ्यात नागपुरात सूर्य मावळल्यावरही गच्ची तापलेलीच असते, हे तुम्हाला मी वेगळे सांगायला नको.

शेवटी कार्यक्रम. माझी पहिली विनंती अशी की सगळ्या पिढ्यांची गाणी तीस-तीस सेकंदांत चिरून एकत्र शिवलेली मेडली करू नका. लग्नाच्या संगीत कार्यक्रमांत हल्ली तीच पद्धत आहे आणि तिने सर्वांत मोठा अन्याय जुन्या गाण्यांवर होतो, कारण त्यांचा जीव अंतऱ्यात असतो आणि मेडलीत मुखड्यापुढे कोणी जात नाही. बाहेरून नृत्यदिग्दर्शक आणून सगळ्यांना सारख्याच चार हालचाली शिकवण्यालाही माझा विरोध आहे. त्यात आबाही ओशाळतात, मुलगीही कंटाळते. त्याऐवजी तीन गाणी घ्या आणि तिन्ही संपूर्ण वाजवा. आबांनी निवडलेल्या गाण्यावर मुलींनी नाच बसवावा, आणि त्यासाठी आबांनी त्यांना प्रत्येक ओळीचा अर्थ, कुठे थांबायचे आणि कुठे स्वर लांबतो ते सांगावे. भगवानदादांच्या पद्धतीची छोटी पावले आणि हातांची सैल ये-जा दिसायला सोपी असते, पण कोरियन नाचाच्या करकरीत हालचालींची सवय झालेल्या अंगाला तो सैलपणा आणायला दिवस लागतात. मुलीने तो प्रयत्न केला की मान हलवणाऱ्या नायकांबद्दलचे तिचे मत तिचे तिलाच तपासता येईल. दुसरे गाणे यजमानांचे, ज्यात सगळ्यांनी तालमीशिवाय उतरावे. तिसरे मुलींचे, त्यांच्या मूळ रचनेसह. आबांनी ते पहिल्या रांगेत बसून पाहावे.

जुने गाणे मुलीच्या गळी उतरेल का अशी शंका तुमच्या मनात असेल, तर कॅरोल क्रुमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांचे २०१३चे संशोधन तुम्हाला धीर देईल. सुमारे वीस वर्षांच्या अमेरिकन विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या दशकांतली लोकप्रिय गाणी ऐकवली असता, स्वतःच्या काळातल्या गाण्यांखेरीज आईवडिलांच्या तारुण्यातल्या गाण्यांशीही त्यांच्या आठवणी जोडलेल्या आढळल्या, आणि १९६०च्या दशकातल्या गाण्यांबाबतही तसाच उंचवटा दिसला. घरात जे वाजते ते मुलांच्या कानात मुरते, मग त्या वेळी ती कितीही नाक मुरडोत. तुमची मुलगी आबांच्या रेडिओखालीच लहानाची मोठी झाली आहे.

वेळेचे गणित आधीच करून ठेवा. रात्री दहानंतर मोकळ्या जागेत ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही, आणि आपल्याकडे जेवणे लांबली की कार्यक्रम शेवटी घाईत उरकला जातो. नाच जेवणाआधी, साडेसातला सुरू करा. मुलींचे दोन्ही नाच सर्वांत आधी ठेवा, म्हणजे त्या दमलेल्या नसतील आणि ज्येष्ठ मंडळीही ताजी असतील. यजमानांचे गाणे शेवटी ठेवा, कारण एकदा सगळे उतरले की कोणाला खुर्चीवर परत बसवता येत नाही. सासूबाई भुलाबाईचे एखादे गाणे म्हणायला तयार झाल्या, तर त्यासाठी ध्वनियंत्रणा पूर्ण बंद करायला सांगा आणि बायकांना पुढे बोलवा. मुलींना ते गाणे आधी पाठ करून ठेवायला लावा, म्हणजे दुसरी ओळ उचलायला त्यांच्यामागे कोणीतरी असेल.